फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

बेंगळुरात कोरमंगलाला माझ्या पीजीजवळ फूटपाथवर एक अण्णा जुनी पुस्तकं विकायचे. त्यांच्याकडून घेतलेल्या चित्रकलेच्या पुस्तकात मला एक जुनं पोस्टकार्ड सापडलं. कन्नडमध्ये लिहिलेलं, त्यामुळे मला वाचता आलं नाही. पण त्याचा एक कोपरा हातानं फाडलेला होता आणि तिथे सुटलेले कागदाचे तंतू मला फार सुंदर वाटले.

त्यावरून मी शुभेच्छापत्रं करायला लागलो. जाड हातकागद आणायचा, पानाफुलांचं चित्र काढायचं आणि शेवटी पट्टी धरून एक कोपरा फाडायचा. पहिलं नीट जमलेलं कार्ड मी आईला पाठवलं, पाकिटाशिवाय, म्हणजे हातात पडताच चित्र दिसेल. निपाणीजवळच्या घरी ती एकटी असते. विड्या वळून तिनं ताईला आणि मला शिकवलं. घराण्यातला पहिला पदवीधर मी. तिला वाचता येत नाही. तिच्या नावानं टपालातून काहीतरी सुंदर यावं, एवढंच मनात होतं.

पाच दिवसांनी ऑफिसातल्या अक्कांनी माझ्या टेबलावरचं दुसरं कार्ड उचललं. त्यांचं मराठी घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरात आहे. कोपऱ्यावरून बोट फिरवून त्यांनी ते पालथं ठेवलं आणि असं कुणाला पाठवलंय का, म्हणून विचारलं. आईला, मी म्हणालो.

"अरे, मयताच्या पत्राचा कोपरा फाडतात. तिला आत्ता फोन कर."

असं पत्र मी कधी पाहिलं नाही, असं मला वाटत होतं. मग आठवलं. मी लहान असताना आईनं उंबऱ्याबाहेर उभं राहून पोस्टमनकडून एक कार्ड वाचून घेतलं होतं, ते फाडून टाकलं होतं आणि डोक्यावरून पाणी घेतलं होतं. त्यानं वाचायला सुरुवात करण्याआधीच तिनं पदर तोंडाला लावला होता.

आई फोन उचलेना. ताईला करायला लावला, तर तिचाही उचलेना. शेवटी शेजारच्या काकूंना लावला. त्या म्हणाल्या, ती कालपासून पायरीवर बसून आहे, आज पुन्हा डोक्यावरून पाणी घेतलंय, केस ओले, फोन मांडीवर वाजतोय आणि ती नुसती त्याच्याकडे बघतेय. कार्ड बाहेर दगडाखाली ठेवलंय, कुणाला वाचू देत नाही. वाचून घेतलं की गेलेल्याचं नाव कळणार होतं.

काकूंनी आपला फोन तिच्या कानाला लावला.

"आई, मी बोलतोय."



"तू हाईस," ती म्हणाली. "मग ताई गेली व्हय?"

मी ताईला फोनवर घेतलं, तिचा आवाज ऐकवला, पुन्हा पुन्हा समजावलं. चित्र कसं वाटलं, ते विचारायचं माझं धाडस झालं नाही.

त्यानंतर मी एकही कोपरा फाडलेला नाही. पण आई आता फोन उचलते आणि गप्प राहते. मी बोलेपर्यंत पलीकडे फक्त श्वास असतो. म्हणून रिंग वाजत असतानाच, तिनं उचलायच्या आधीपासून, मी म्हणत राहतो, आई, मी आहे.