कपाटातला रुपया

झुरळांच्या औषधाचा वास आला की मला तो रुपया आठवतो. नव्वदच्या दशकात कुवेतला शुक्रवारच्या बाजारातून आम्ही एक जुनं लाकडी कपाट आणलं होतं. दुरुस्तीला आलेल्या मालवणकडच्या सुताराने तळाची फळी उचकटली, तर खाली झुरळांची अंडी, काळा चिकट थर आणि त्यात रुतलेलं एक नाणं. त्याने ते नखाने खरवडलं. "साहेबानू, आपलो रुपायो! पूर्वी हय आपलेच रुपये चालत." मी नाक दाबून म्हणालो, "शी! घेऊन जा ते, मला नको." आठवड्याने कळलं की असे जुने रुपये चांदीचे असतात आणि संग्राहक त्यांना चांगली किंमत देतात. त्याच संध्याकाळी मी शहराबाहेर सुलैबिया भागात त्याच्या खोलीवर गेलो आणि म्हणालो, "कपाट माझं होतं." त्याने देवाच्या तसबिरीपुढून नाणं उचललं. लख्ख घासलेलं, वर कुंकू. "तेव्हा घाण होती, आता चांदी झाली काय?" एवढंच बोलून त्याने ते माझ्या हातावर ठेवलं, आणि मी मूठ मिटली. घरी वजन केलं, साडेअकरा ग्रॅमच्या थोडं वर, म्हणजे अस्सल. तळव्याला लागलेलं कुंकू मात्र साबणाने दोनदा धुतलं. नाणं मी विकलं नाही. दर लक्ष्मीपूजनाला बायको मागते, आणि ते देवापुढे ठेवायची मला इतकी शिसारी येते की सापडत नाही म्हणून सांगतो.