पाच सेकंद, दहा सेकंद

इस्पितळातले सगळे तिला स्विचताई म्हणायचे. दोन्ही इमारतींमधले संगणक जोडणाऱ्या स्विचचं राउटिंग, म्हणजे माहितीच्या वाटा लावणं, अकरा वर्षं तिच्याच हाताखाली होतं. जोडलेले दोन स्विच दर दहा सेकंदांनी एकमेकांना ‘मी आहे’ असं कळवतात. दोन्हीकडचा आकडा सारखा नसेल तर ते एकमेकांना ओळख देत नाहीत आणि वाट बंद होते. हे ती प्रत्येक नव्या माणसाला बजावून सांगायची.

नव्या साहेबांनाही सांगितलं होतं. तरी एका दुपारी त्यांनी जोडणी चपळ करायची म्हणून एका बाजूच्या इंटरफेसवर, म्हणजे जोडणीच्या टोकावर, दहाऐवजी पाच सेकंद टाकले. तपासणीचे अहवाल वॉर्डांत पोचेनात. बैठकीत साहेब स्विचताईकडे बोट दाखवून सरळ म्हणाले, "सेटिंगला यांनी हात लावला." स्विचवरची नोंदही त्यांनी पुसली होती. स्विचताईची रवानगी तळघरातल्या भांडारात झाली, केबलींना चिठ्ठ्या चिकटवायला.

नवरा म्हणाला, "सोडून दे गं आता."

"सोडते तर," ती म्हणाली आणि दात आवळून भाजी चिरत राहिली.

कोणी केव्हा काय टाइप केलं याच्या नोंदीची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर आपोआप जाते, हे साहेबांच्या गावीही नव्हतं. तिने ती छापून कपाटात ठेवली होती. लगेच दाखवली असती तर ‘नजरचूक झाली’ म्हणून ते सुटले असते. तिला त्यांना सुटू द्यायचं नव्हतं.

आठ महिन्यांनी तिसरी इमारत जोडायची होती. विश्वस्तांसमोर साहेब स्वतःच्या हाताने जोडणार होते. तिने जोडणीचं टिपण मागवल्याप्रमाणे पाठवलं, अगदी बरोबर. साहेबांनी ते उघडलंच नाही. मुख्य स्विचच्या सगळ्याच इंटरफेसना एका फटक्यात पाच सेकंद दिले आणि जुने वॉर्डही गप्प झाले.

भांडारातला फोन वाजला. "ताबडतोब वर या!"

"लेखी आदेश पाठवा, साहेब. मी सेटिंगला हात लावत नाही."

आदेश यायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ ती चिठ्ठ्या चिकटवत बसली. असं सुख तिला वर्षभरात लाभलं नव्हतं.

वर आल्यावर तिने सर्वांदेखत विचारलं, "साहेब, या बाजूला किती?"

"पाच."

"आणि पलीकडे?"

"दहा," तिनेच सांगितलं. तिने पाच पुसून दहा लिहिले, वॉर्ड सुरू झाले. मग छापील कागद विश्वस्तांपुढे सरकवला. "मागच्या वेळीही पाचच होते. नाव आणि वेळ खाली आहे."

महिन्याच्या आत साहेब इस्पितळ सोडून गेले. निरोपाला ती मुद्दाम पहिल्या रांगेत बसली आणि दोनदा चहा मागून घेतला.

घरी मात्र नणंद तिच्याशी बोलेना. ती त्याच इस्पितळात परिचारिका. त्या अर्ध्या तासात अहवालाचे कागद घेऊन चार मजले धापा टाकत चढत होती.

"वहिनी, तुला कळलं होतं ना काय बिघडलंय ते?"

"फोन वाजला तेव्हाच."

"आणि तू बसून राहिलीस?"

"बसले. तू अर्धा तास चढलीस, मी आठ महिने खाली होते."

नणंदेने ताट बाजूला सारलं. स्विचताईने माफी मागितली नाही. पण त्या रात्री तिलाही जेवण गेलं नाही.