हळद लागेपर्यंत

निंगव्वाला कुणी माझ्यासमोर "बिचारी" म्हटलं की माझं डोस्कं फिरतं. बिचारी कशाची? अंगानं काटकुळी, पण तव्यापुढं बसली की दोन धडधाकट बायांना मागं टाकते. कडक भाकरी थापावी तर तिनंच. कागदासारखी पातळ, कडेला एक चीर न्हाय. सोलापुरात भाकरी करणाऱ्या बाया काय कमी हायत? तरी लोक माझ्याच खोलीतली भाकरी मागून नेतात. मी महानंदा. खोली माझी, नाव माझं, पण हात तिचा.

ती मूळची मैंदर्गीची. नवरा ट्रकवर होता. तो एचआयव्हीनं गेला आणि जाताना हिला आजार देऊन गेला. माहेरी आली तेव्हा भावाची बायको नुकतीच वारलेली, पोरगं बसवेश पाळण्यात. हिनं त्याचं हगणं-मुतणं काढलं, मांडीवर घेऊन त्याला चालता-बोलता केलं. मग हिचा रिपोर्ट आला, आणि त्याच घरात हिचा ताट-तांब्या गोठ्यात गेला. थू असल्या घरावर! काही दिवसांनी तो भाऊच तिला माझ्याकडं घेऊन आला. चनबसप्पा त्याचं नाव. किराणा दुकान, कपाळभर विभूती, बोलणं साखरेचं.

"महानंदाक्का, हिला झाडायला-पुसायला ठेवा," म्हणाला. "पिठाला हात लावू देऊ नका, एवढं ऐका."

"व्हय व्हय," म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी तिला तव्यापुढं बसवली. सरकारी दवाखान्यातल्या तेजश्री मॅडमनं मला आधीच नीट सांगितलं होतं, हातानं, भाकरीनं, ताटानं हा आजार लागत न्हाय म्हणून. चनबसप्पा आपल्या दुकानाला माझ्याचकडनं भाकरी न्यायचा. बहीण डबे पुसते असं त्याला वाटायचं. वाटू दे की, माझं काय जातंय!

अशी वर्सं गेली. निंगव्वा रोज रात्री जेवली की गोळी घ्यायची, एक दिवस चुकायची न्हाय. रक्तातला विषाणू इतका दबला होता की तपासणीत दिसत बी नव्हता. ताप न्हाय, खोकला न्हाय. दुपारी पिठाच्या हातानं भिंतीला टेकून कन्नडात गाणी म्हणायची, बेसूर, पण मला ती बी गोड लागायची.

मग बसवेशचं लग्न ठरलं. चनबसप्पा पेढे घेऊन आला आणि पेढ्यांच्या आधी मोबाईल काढला. त्यात कुणी तरी डॉक्टर बोलत होता. आपल्या शरीरातलंच एक प्रोटीन असतं म्हणे, रोगाशी लढणाऱ्या पेशींना जागं करणारं. परदेशात एचआयव्हीवर त्याचे प्रयोग झालेत. ते आता आपल्या सोलापुरात टोचून मिळतंय, रोग मुळापासनं जातो.

"हे घे आणि बरी हो," चनबसप्पा बहिणीला म्हणाला. "मग ताठ मानेनं लग्नाला ये, बसवेशला तूच हळद लाव. पण डॉक्टर म्हणतात, गोळी आणि हे प्रोटीन एकमेकांशी भांडतात. गोळी बंद करायची."

मी म्हटलं, "अहो, तेजश्री मॅडमला विचारू तरी." तर तो माझ्याकडं बघेना सुद्धा. निंगव्वाला गळ्यातलं इष्टलिंग काढून तळहातावर घ्यायला लावलं. पोराला हळद लागेपर्यंत गोळी तोंडात घालणार न्हाय, अशी शपथ तिच्याकडनं घेतली. आमच्या लिंगायतांत लिंग हातावर घेऊन दिलेला शब्द म्हणजे संपलं, जीव गेला तरी माणूस मागं फिरत न्हाय. हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

मी आकाशपाताळ एक केलं. ती एवढंच म्हणाली, "अक्का, पोराला हळद लावायची हाय मला."

एकदा तिच्यासंगं त्या डॉक्टरकडं गेले. आई गं, काय ती जागा! बाक चिकट, कोपऱ्यात पिचकाऱ्या, भिंतीवर सोनेरी चौकटीतली सर्टिफिकेटं. डॉक्टरच्या गालात तंबाखूचा मावा. त्या प्रोटीनचं नाव घेताना तो "इंटरल्युकिन" म्हणाला आणि एक लाल थेंब टेबलावर पडला. तो त्यानं बोटानं पुसून बोट खुर्चीला पुसलं. हा गडी टोचताना मात्र एकावर एक दोन हातमोजे घालतो, आणि निंगव्वाला म्हणतो, "बाही तुम्हीच वर करा, मी हात लावत नाही." मेल्या, तू रोग मुळापासनं काढणार आणि तुलाच माझ्या बाईच्या बाहीची भीती? मी तोंडावर बोलले. त्यानं दाराकडं बोट केलं.

पुढं जे झालं ते मी रोज डोळ्यांनी बघत होते. आधी ताप, मग जुलाब. हाडं वर आली. एक दिवस बघते तर भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवून चघळतीया. म्हटलं, "आ कर." जिभेवर पीठ भुरभुरल्यागत पांढरं. मी चूल तशीच टाकली आणि तिला रिक्षात घालून तेजश्री मॅडमकडं नेली.

मॅडम रागावल्या न्हाईत, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. म्हणाल्या, "मावशी, ते प्रोटीन खोटं नाही. आपल्या शरीरात ते असतंच. त्याचे मोठे प्रयोग झाले, पण गोळ्या चालू ठेवून, वर हे टोचून. लढणाऱ्या पेशी वाढल्या, पण आजारपणं कमी झाली नाहीत, माणसं जास्त जगली नाहीत. शास्त्रज्ञ अजून शोधतायत. पण गोळी सोडून हे घ्या, असं कुणीच सांगितलेलं नाही. आणि त्या बाटलीत तेच होतं हे तरी कुणी बघितलंय?"

तपासणीत विषाणू उसळलेला निघाला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तोंडाला औषध दिलं आणि बजावलं, गोळी आजपासनं सुरू करा, आता एकेक दिवस जिवावरचा हाय. निंगव्वानं गोळ्या घेतल्या, त्यातली एक पदराला गाठ मारून बांधली आणि म्हणाली, "हळद लागली की घेते."

तिला एक थोबाडीत द्यावी असं वाटलं. तिथनंच चनबसप्पाला फोन लावला. म्हटलं, "बाई मरंल. तुमी शपथ घातली, तुमीच सोडवा."

"आता हळदीला राहिलेत किती दिवस, अक्का?" तो म्हणाला. "मी घरात सगळ्यांना सांगून बसलोय, निंगव्वा इंजेक्शनानं बरी झाली. आता पुन्हा गोळी म्हटलं तर माझी अब्रू काय राहील?"

बहीण जिभेपासनं सडत चाललीया आणि ह्याला स्वतःच्या नाकाची पडलीया. किळस आली मला त्या माणसाची, माणसाच्या कुडीचीच किळस आली.

हळदीच्या दिवशी टेम्पोत भाकरीचे डबे आणि पुढं बसलेली निंगव्वा, अशी वरात मैंदर्गीला निघाली. लग्नाची सगळी भाकरी माझ्याकडनंच सांगितली होती त्यानं. ताप अंगात असताना निंगव्वानं ती हट्टानं स्वतः थापली होती, पोराच्या लग्नाची म्हणून.

मांडवात बसवेश पाटावर बसलेला. विधवा म्हणून तिला कुणी अडवलं न्हाय, बसवण्णांचं नाव घेणारी माणसं ना आमी! बाया एकेक पुढं होऊन मोठ्या ताटातली हळद लावत होत्या. निंगव्वाची पाळी आली आणि चनबसप्पा लगबगीनं आला. हातात वेगळी वाटी, वाटीत हळद आणि पळी.

"तंगी, तू ह्यातली लाव," धाकट्या बहिणीला कन्नडात हाक मारून हळूच म्हणाला. "पळीनं. लांबनं."

म्हणजे ह्याचा त्या इंजेक्शनावर कधी विश्वासच नव्हता! बरी झाली म्हणून घरभर सांगणारा हाच, आणि पळी आणणारा बी हाच. लोकांना दाखवायला माझ्या बाईच्या जिवावर उठला होता मेला.

मला वाटलं, पोरगं तरी म्हणंल, आत्या, हातानं लाव. पोरानं मान खाली घातली आणि पळी जवळ आली तसा गाल मागं घेतला. निंगव्वा त्याच्याकडं बघत राहिली. मग पळीनं हळद लावली, वाटी खाली ठेवली आणि माझ्याशेजारी येऊन बसली. रडली न्हाय. मीच रडले, रागानं.

पंगत बसली. चनबसप्पा व्याह्याच्या शेजारी बसून आग्रह करत होता. "खावा, खावा! सोलापूरहून मुद्दाम आणलीया. असली भाकरी तुमाला कुटं मिळायची न्हाय." शेंगाची चटणी, वर दही, आणि सगळा मांडव कराकरा चावत होता.

निंगव्वा उठली, भिंत धरत गेली आणि भावासमोर वाकली.

"अण्णा, भाकरी बरी झालीया का?"

"झकास," तो घास चावत म्हणाला.

"माझ्या हातची हाय," ती त्याच्या कानाशी, पण मला ऐकू येईल एवढ्यानं बोलली. "तुझ्या दुकानात येती ती बी. पहिल्यापासनं."

त्याचा जबडा थांबला. घास एका गालात तसाच. शेजारी व्याही चटणी मागत होता. थुंकावं तर का थुंकलो ते सांगावं लागणार.

निंगव्वानं पदराची गाठ सोडली, गोळी काढली आणि भावाच्या पुढ्यातला तांब्या उचलला.

"हळद लागली," म्हणाली. "शपथ फिटली."

गोळी जिभेवर ठेवून ती वर पाणी प्यायली आणि तांब्या होता तिथं ठेवला. चनबसप्पानं त्या तांब्याकडं बघितलं, व्याह्याकडं बघितलं, आणि घास गिळला.