सोनलची रोजची चाळीस मिनिटं

विमलाताईंचा घड्याळावर भरवसा नव्हता आणि माणसांवर तर त्याहून नव्हता. उचगावजवळच्या त्या फाउंड्रीत तपासनीस म्हणून त्यांची तीस वर्षं गेली होती. ओतकाम झालं म्हणून कुणी सांगितलं, की त्या उठून भट्टीपाशी जायच्या.

लोखंड साच्यात कसं गार होईल, याची चाचणी तिथं नवीन लागलेली सोनल आधी कॉम्प्युटरवर चालवून बघायची. एका मोठ्या मशीनच्या पोटात चार आभासी कॉम्प्युटर, चौघं मिळून एकच चाचणी चालवायचे, पण चौघांना आपापलं घड्याळ. तिची नोकरी पक्की व्हायची होती आणि त्या कागदावर विमलाताईंची सही लागणार होती.

नेमकं काल कॉम्प्युटरच्या नोंदीत चाचणी संध्याकाळी सात दहाला संपली होती. विमलाताईंनी ती आपल्या मनगटावरच्या घड्याळात सात पन्नासला संपताना पाहिली होती. चाचणी संपली की सोनल घरी निघायची; मागच्या नोंदी गेटवरच्या वहीतल्या तिच्या वेळांशी ताडल्या, तर जवळजवळ रोजच चाळीस मिनिटं गायब.

"वेळ कुठं मुरवतीस गं?"

सोनलनं सांगितलं, की घरच्या जैन रीतीप्रमाणं ती दिवस मावळायच्या आत जेवते. मागं लक्ष ठेवायला कुणी नसतं, म्हणून तेवढा वेळ चारही कॉम्प्युटर थांबवते. परत चालू करताना त्यांची घड्याळं मुद्दाम मागंच ठेवते. ती एकदम पुढं गेली, की एकाला वाटतं दुसरा कधीचा बंद पडलाय, आणि चाचणी मोडते; म्हणून चाचणी संपल्यावरच ती घड्याळं जुळवते.

"करून दाव."

सोनलनं चाचणी थांबवली. विमलाताईंनी स्टूल ओढून सावकाश चहा घेतला, डोळे पडद्यावर. चालू केल्यावर आतलं घड्याळ थांबल्या सेकंदापासून पुढं निघालं. दुसऱ्या खेपेला सोनलनं त्याला खऱ्या वेळेवर जाऊ दिलं आणि चाचणी तिथंच मोडली.

तरी विमलाताई हलल्या नाहीत. माझ्यासमोर असं केलंस, माघारी काय करतीस कुणी बघितलंय, असं म्हणत त्या नोंदींवरून बोट फिरवत राहिल्या. एका तारखेला बोट थांबलं. त्या दिवशी एक मिनिटही गेलं नव्हतं.

"ह्या दिवशी जेवली न्हाईस?"

"चतुर्दशी होती, ताई. उपास."

विमलाताईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. चतुर्दशी होती. मग पंधरा दिवस मागं गेल्या. तिथंही चतुर्दशी आणि तिथंही वेळ पुरी. एवढं आधीपासून रचून ठेवणारं माणूस त्यांना तीस वर्षांत भेटलं नव्हतं.

त्यांनी सही केली.

"उद्यापासनं दोन्ही वेळा लिवायच्या. आतली बी, भायेरची बी."

उठताना त्यांनी भिंतीवरचं घड्याळ मनगटाशी ताडून पाहिलं. तीन मिनिटं पुढं होतं.

"आणि हे कोण पुढं करतंय?"