गोपीनाथ शंभरकरांचा अर्ज

आखातातल्या आमच्या ईसा टाउनचा बाजार केव्हाच मागे पडला होता आणि गोपीनाथभाऊ शंभरकर माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. शुक्रवारी कंपनीची बस नसते, म्हणून ते सित्र्याला खोलीवर पायीच जायचे. त्या दिवशी मीही सोबत निघाले. पुढच्या गुरुवारी त्यांचं कायमचं परतीचं विमान होतं, आणि मला माफी मागायची होती.

"ताई, तुमचे गुडघे दुखतात ना? फिरा मागं."

"दुखू देत."

"मग मंडळाच्या अध्यक्षसाहेबांना फोन करून ठेवा. नाहीतर म्हणतील, शंभरकरनं आमची सेक्रेटरी पळवली."

स्वतःच हसले. मला हसू येईना.

भाऊ नागपूरचे. सित्र्याच्या सूतगिरणीत बावीस वर्षं फिटर. गिरणीच्या कँटीनमध्ये बंगाली, नेपाळी, मल्याळी, प्रत्येकाचं टेबल वेगळं. भाऊंना मात्र सगळ्या टेबलांवर जागा असायची. कुणी आजारी पडलं की सलमानियाच्या हॉस्पिटलात सोबत भाऊच. आमच्या मराठी मंडळात त्यांची जागा एकच, स्टेजच्या मागे. गणपतीत माइक, लाइट, सगळं त्यांच्याकडे. बौद्ध माणूस, आरतीला हात जोडायचे नाहीत, बाजूला उभे राहायचे. पण दहा दिवसांत एक बल्ब कधी विझू दिला नाही.

जानेवारीत त्यांनी मंडळाच्या कमिटीवर येण्यासाठी अर्ज भरला. मागणं एवढंच, की चौदा एप्रिलला बाबासाहेबांची जयंती मंडळाच्या हॉलमध्ये व्हावी. आजवर ती कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये, दार लावून, आवाज बारीक ठेवून व्हायची.

आमच्याकडे निवडणूक कधी होतच नाही. अर्ज जास्त आले की कुणाला तरी चहाला बोलावून समजावायचं, मग टाळ्या वाजवून बिनविरोध. त्याचा आम्हाला कोण अभिमान! इतर मंडळांच्या निवडणुकांतली पॅनेलांची भांडणं ऐकून आम्ही नाकं मुरडायचो. यंदा समजावायचं काम अध्यक्ष सदानंदरावांनी मला दिलं.

"वहिनी, तुमचं ऐकतील ते. सांगा, अर्ज मागे घ्या, हॉल देऊ."

मी भाऊंना घरी बोलावलं. चहा झाल्यावर ते म्हणाले, "लिहून द्या." मला ते लागलं. माझ्या शब्दावर विश्वास नाही? मी उठले, देवघरातल्या गणपतीवर हात ठेवला आणि म्हटलं, "हॉल मिळेल." भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, खिशातलं पेन काढलं आणि माघारीच्या कागदावर सही केली.

मार्चमध्ये चौदा एप्रिलचा तो हॉल स्नेहसंमेलनाच्या तालमीला दिला गेला. सदानंदराव म्हणाले, "परक्या मुलखात जातपात कशाला काढायची? आपण सगळे एकच ना?" मीटिंगमध्ये मान खाली घालून मी तेवढं लिहून घेतलं. त्याच आठवड्यात गिरणीनं भाऊंच्या अख्ख्या शिफ्टला काम संपल्याची, घरी जायची पत्रं दिली.

आता रस्त्याच्या एका बाजूला पाणी दिसायला लागलं होतं. ओहोटी लागलेली, नुसता चिखल. मी थांबले.

"भाऊ, माझं चुकलं."

तेही थांबले. "मी देव मानत नाही, ताई. पण तुम्ही मानता ना. म्हटलं, ही बाई मूर्तीवर हात ठेवून खोटं नाही बोलणार."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी रोज दिवा लावते, पण त्या दिवसापासून मूर्तीकडे वर बघवत नाही.

"जयंती करू आपण. माझ्या घरी करू," मी म्हटलं.

"पुन्हा घरातच? आणि मी कुठे असणार? माझं इथलं खलास." ते चालायला लागले, मीही मागून. "माझ्या आज्याला नागपूरच्या गिरणीत मागावर बसू दिलं नाही. नळीतला धागा तोंडानं ओढावा लागायचा ना, बाकीच्यांना विटाळ व्हायचा. आज्यानं अर्ज केला होता म्हणे. बाप सांगायचा. पण कागद कुठंच नाही. गिरणीतले म्हणायचे, तुमच्या लोकांनी मागावरचं काम कधी मागितलंच नाही."

दुसऱ्याच कुठल्या कंपनीची रिकामी बस धूळ उडवत गेली. भाऊंनी सवयीनं हात अर्धा वर केला आणि खाली घेतला.

"इतिवृत्ताची वही तुमच्याकडेच असते न?"

"हो."

"जानेवारीच्या पानावर काय लिहिलंय?"

मला ते तोंडपाठ होतं. "सर्व सदस्यांची सर्वानुमते बिनविरोध निवड झाली."

"पुढच्या वर्षी कुणी पोरगं हॉल मागायला आलं, तर साहेब म्हणतील, आजवर कुणी मागितलाच नव्हता. त्या पानावर लिहा, ताई. गोपीनाथ शंभरकरनं अर्ज भरला होता, हॉल मागितला होता. आणि माघार काहून घेतली, तेही लिहा. तुमच्या हातानं लिहा."