तावड्यांची बाजू

बळवंत तावडे अठरा वर्षं रोज पहाटेच्या गाडीने फरीदाबादहून आमच्या दिल्लीतल्या कॉलेजात येत. घोषाल सर फुटबॉलचे नावाजलेले कोच, तावडे त्यांचे असिस्टंट. कप जिंकला की पेपरात फोटो सरांचा यायचा. शेवटची तीन वर्षं दम्यामुळे सरांना मैदानात उभंही राहवत नव्हतं, तेव्हा टीम तावड्यांनीच घडवली. मी ते रोज डोळ्यांनी पाहत होतो.

१९७६ मध्ये सर वारले आणि नवा कोच ठरवायला कमिटी बसली. पाच जणांत मराठी मी एकटा. बराच वाद होऊन दोन नावं उरली, एक रिटायर्ड मेजर आणि तावडे. प्रिन्सिपल माझ्याकडे बघून हसले, "देवधरजी, ये तो आपके आदमी हैं."

दिल्लीतला मराठी माणूस आपल्या माणसाची बाजू घ्यायला जेवढा लाजतो, तेवढा कशालाच लाजत नाही. मी घाईघाईने म्हणालो, "नहीं नहीं, ऐसी कोई बात नहीं," आणि मेजरसाठी हात वर केला. मेजर एका मताने आले.

दुसऱ्या दिवशी तावडे स्टाफरूममध्ये डबा घेऊन आले. "देवधरसाहेब, हिने नारळाच्या वड्या केल्यात तुमच्यासाठी. एका मताने गेलं म्हणे. जाऊ द्या. तुम्ही तरी माझ्या बाजूने उभे राहिलात."

मी एक वडी खाल्ली. वर, छान झालीय, असंही म्हणालो.