मागच्या दाराचा डबा

पोरं जेवत न्हाईत याचे किस्से घरात साठत जातात, फ्रीजमधल्या झाकलेल्या वाट्यांसारखे. कुणी खात न्हाई, टाकवतही न्हाई. माझ्याकडचे सगळे किस्से बिदरच्या मैलूरमधले, शेजारच्या अक्कांच्या संगतीतले. अक्का आता भालकीला लेकाकडं असतात. गेल्या महिन्यात त्यांच्या सुनेचा, रूपाचा फोन आला. रडवेली झाली होती. "मावशी, आत्या जेवंनात. डॉक्टर म्हणतो काही झालं न्हाई. पण ताट हाय तसं परत यायलंय. निम्म्या झाल्यात."

मला ते खरंच वाटेना. न जेवणाऱ्याला जेवू कसं घालायचं हे मी अक्कांकडूनच शिकले होते.

*

माझी पल्लवी तेव्हा चार वर्षांची. हिरवं दिसलं की तोंड बंद. अंबाडीच्या भाजीचा घास गालात धरून बसायची ती बसायचीच. एकदा तर सकाळी दात घासताना आदल्या दिवशीचा घास बाहेर आला!

अक्कांनी बघितलं. म्हणाल्या, "सुजाता, पोरीला माझ्याकडं पाठव. आन् भाजीचा डबा मागच्या दारानं."

आमची परसं एकाला एक लागून. अक्कांनी माझीच भाजी त्यांच्या ताटात वाढली, कडेला शेंगाची चटणी ठेवली. पोरीनं ताट पुसून खाल्लं. घरी येऊन मला म्हणते, "आई, तू अक्काकडं जाऊन भाजी शीक जरा."

*

अक्कांच्या महेशला उडदाची डाळ नको असायची. मग रोज साडेसातला आमची अदलाबदल सुरू झाली. पोरं पुढच्या दारानं, डबे मागच्या. महेश माझ्याकडं बसून त्याच्या आईचीच डाळ ओरपायचा आणि म्हणायचा, "आमच्या आईला जमत न्हाई बघा मावशी."

पुढं तो वाचायला शिकला, तिथं घोळ झाला. भांड्यावर नाव टाकायची आपली पद्धत. अक्कांच्या डब्यावर त्यांच्या मालकांचं, म्हणजे अप्पांचं नाव कोरलेलं. एक दिवस महेश डबा फिरवत म्हणाला, "मावशी, ह्याच्यावर आमच्या अप्पाचं नाव कामून हाय?"

मी डाळ वाढत म्हटलं, "डबा आमचाच हाय बाळा. तुझ्या अप्पांनी नेला होता, चुकून नाव टाकलं."

दोन दिवसांनी अप्पा दारात उभे. डबा धुऊन पुसून आणलेला. बिचाऱ्यांना आमच्या भानगडीतलं काही म्हणजे काही ठाऊक न्हाई. "ताई, चूक झाली. पोरगं माझ्याशी बोलंना झालंय." मी गुमान डबा घेतला. मागं अक्का तोंडात पदर कोंबून हसायल्या होत्या. तो डबा अजून माझ्याकडंच हाय.

*

एकदा मेहकरहून अक्कांच्या सासूबाई आल्या. आम्ही बौद्ध, त्या जुन्या वळणाच्या. मी मागच्या दारात पिठल्याचा डबा दिला आणि आतून आवाज आला, "कुणाच्या घरचं हाय ते?"

"सुजाताच्या," अक्का म्हणाल्या. "पोरगी जेवायलीय, तुम्ही गप बसा."

अक्का बोलल्या खऱ्या, पण माझं मन खट्टू झालं. पुढं चार दिवस मी डबा पाठवला न्हाई. पाचव्या दिवशी म्हातारी स्वतः परसात आली. इकडं तिकडं बघून हळूच म्हणाली, "कामून पाठवंनास? पिठलं बरं असतंय की."

*

आता पल्लवी बेंगळुरूला. तिचा दोन वर्षांचा लेक मोबाईल समोर धरल्याशिवाय तोंड उघडत न्हाई. परवा व्हिडिओ कॉलवर मला म्हणाली, "आई, अक्काच्या हातची अंबाडीची भाजी खावी वाटायलीय गं. तुझी तशी होत न्हाई."

अगदी ओठावर आलं होतं. पण पोरांना सांगायचं न्हाई, असा अक्कांना शब्द दिलाय. फोन ठेवला आणि एकटीच भाजी निवडत बसले. साडेसात वाजले की अजून माझा कान मागच्या दाराकडं जातो. पोरं जेवायला शिकली आणि निघून गेली. त्या कटकटीच्या संध्याकाळी मला परत पाहिजेत, दुसरं काही नको.

*

तर रूपाच्या फोननंतरच्या ऐतवारी मी भालकीची बस धरली. पिशवीत अप्पांच्या नावाचा डबा, रिकामा. आधी रूपाला मागच्या दारात गाठलं. तिनं केलेली उडदाची डाळ डब्यात भरली, तिच्याच दोन भाकरी फडक्यात बांधल्या आणि फिरून पुढच्या दारानं आत गेले. रूपा पडद्याआड उभी राहिली.

अक्का कॉटवर बसल्या होत्या. मनगटं इतकी बारीक झालेली, की बांगड्या कोपरापर्यंत सरकायल्या होत्या. मी डबा पुढं केला. म्हटलं, "मैलूरहून आणलंय अक्का, माझ्या हातचं."

त्यांनी डबा मांडीवर घेतला. अप्पांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या नावावरून अक्कांनी बोट फिरवलं आणि झाकण काढलं. डाळीतून वाफ निघाली. एक तास बसनं आलेली डाळ! मी जीभ चावली.

अक्कांनी वाफेकडं बघितलं, मग माझ्याकडं. भाकरी कुस्करली, एक घास घेतला. मग दुसरा. बघता बघता अख्खी भाकरी संपवली. डब्यातलं बोटानं पुसून घेतलं आणि पडद्यापलीकडं ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाल्या, "डाळ लई झ्याक झालीय."

मग माझा हात धरून मला जवळ ओढलं.

"पुढच्या ऐतवारी पण ये गं सुजाता," त्या हळू म्हणाल्या. "डबा असाच रिकामा आण. रूपा भरती की."